वाचायला फाडलं

ऋतू बदलला की लोकांना सर्दी होते, मला राग येतो. एप्रिलात तर हमखास. शिरीषाची पानं झडून गेलेली असतात, झाडभर नुसत्या पिवळ्या, चपट्या, वाळलेल्या शेंगा, आणि दुपारी लू, ती उन्हाळ्यातली भाजणारी झळ, सुटली की अख्खं झाड खुळखुळायला लागतं. अयोध्या नगर या वस्तीतल्या माझ्या गच्चीवरून कारखान्याच्या टाउनशिपची झाडं म्हणजे नुसती एक हिरवट रेघ दिसते, आवाज काही इथवर पोचत नाही. पण माझ्या कानात तो वाजतोच. माझ्यासाठी तो परीक्षेचा आवाज आहे. तोंडाला ओढणी गुंडाळून, छातीशी फाइल धरून उन्हातून चाललेल्या पोरी दिसल्या की मला त्यांची कीव येत नाही. वाटतं, खाली जावं आणि विचारावं, काय गं, तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीचं दार उघडं आहे का?

परवा विचारलंच. वरच्या मजल्यावर भाडेकरू आहेत, त्यांची श्रुती एम.एस्सी. करते. लॅपटॉप घेऊन खाली आली आणि म्हणाली, "मावशी, बघा ना. आर्टिकल मिल गया, पण लॉक आहे. पैसे मागतंय. आमची लायब्ररी हे जर्नल घेतच नाही."

पाहिलं तर खरंच. लेखाचं नाव दिसतंय, लेखकाचं नाव दिसतंय, चार ओळींचा सारांश दिसतोय आणि खाली कुलूप. मिठाईच्या दुकानाबाहेर काचेला नाक लावून उभं राहावं तसं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "लेखकाचा ईमेल दिलाय ना खाली? लिही त्याला. म्हणावं, मला वाचायचंय, पाठवा."

"ऐसे कैसे लिखूँ, मावशी? ते मला ओळखत थोडीच."

"अगं, त्याने लेख लिहिला तो कपाटात ठेवायला नाही लिहिला. लिही."

ती बिचारी घाबरून वर गेली. मी मात्र कूलरसमोर बसून राहिले. वाळ्याच्या ताटीवर पाणी पडल्याचा तो ओला, मातकट वास नाकात गेला आणि मी पुन्हा माझ्या त्या एप्रिलात जाऊन पडले.

बाबा कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. अमरावतीहून तरुणपणी इथे, हिंदी मुलखात, आले ते इथलेच झाले, पण घरात मराठीच बोलायची असा त्यांचा दंडक. टाउनशिप म्हणजे काय होतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. क्वार्टर हुद्द्याप्रमाणे, क्लब हुद्द्याप्रमाणे. नळाचा वायसर गेला तरी अर्ज, कडुलिंबाची फांदी छपरावर आली तरी अर्ज, आणि अर्ज जायचा तो 'थ्रू प्रॉपर चॅनल'. बाबांचा या चॅनलवर देवाइतका विश्वास. त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं, त्यामुळे आख्ख्या गल्लीचे अर्ज तेच लिहायचे. मी लहानपणी एकदा रागावून म्हटलं होतं की मला बाहुली पाहिजे, तर म्हणाले, अर्ज कर. आणि मी केला होता.

त्या वर्षी बाबा निवृत्त होणार होते. जूनअखेर क्वार्टर सोडायचं, सामान ट्रकमध्ये भरायचं आणि अमरावतीला जायचं, हे ठरलेलं. दादाला मंडीदीपला नोकरी लागली होती, तो तिथेच खोली घेणार होता. राहिले मी. माझं एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. "परीक्षा झाली की सुलभाचं बघू," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि त्यात 'बघू' म्हणजे काय हे न कळण्याइतकी मी खुळी नव्हते. या वर्षी पास झाले तर झाले. नाहीतर अमरावतीला जाऊन पोह्यांचा ट्रे हातात. पुढचं वर्ष असं काही माझ्या वाट्याला नव्हतंच.

तरीही मी एका पेपरऐवजी प्रबंध घेतला. पहिल्या वर्षी फर्स्ट क्लास असेल तर घेता यायचा. आमच्या मार्गदर्शक सक्सेना मॅडम म्हणाल्या, "पेपर ले लो, सेफ रहेगा. लड़कियाँ डिज़र्टेशन में फँस जाती हैं।" फसतात म्हटल्यावर मी कसली सोडते! विषय घेतला गोगलगायींचा. टाउनशिपच्या मागे एक तलाव होता, कारखान्याचं पाणी थंड करायला बांधलेला, त्याच्या काठाच्या गोगलगायी. लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांमध्ये पाणी भरून मी त्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवल्या. आईने कपाळाला हात लावला. "लग्नाच्या मुलीने गोगलगायी पाळल्यात, हे कुणाला सांगू मी?" पण सकाळी पाणी मात्र तीच बदलायची, आणि एखादी काचेवरून वर चढताना दिसली की मला हाक मारायची.

प्रबंधाला एक अट होती. तुमच्याआधी त्या विषयावर कुणी काय लिहिलंय ते सगळं शोधून, वाचून, पहिल्या प्रकरणात मांडायचं. त्याशिवाय मॅडम सही करणार नव्हत्या. मला हे काम गोगलगायींपेक्षाही आवडलं. एक लेख सापडला की त्याच्या शेवटी दहा लेखांची नावं, त्यातला एक सापडला की आणखी दहा. कुठल्या तरी गावातल्या कुणा बाईने तळ्याच्या काठी उकिडवं बसून गोगलगायी मोजल्या होत्या आणि ते छापलं होतं. मला तिचं म्हणणं ऐकायचं होतं. मागणं एवढंच होतं.

आणि लायब्ररी म्हणजे? दारातून आत गेलं की एक काउंटर, काउंटरवर जाळी. जाळीच्या मागे अंधारात कपाटांच्या रांगा, तिथे विद्यार्थ्यांनी जायचं नाही. मुलं तरी ओळखीपाळखीने घुसायची. मुलींनी मात्र बाहेरच्या बाकावर बसायचं. चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहून जाळीतून सरकवायचं. ग्रंथपाल मिश्राजी ती चष्म्याजवळ नेऊन वाचायचे आणि परत सरकवायचे. "बाइंडिंग में है।" जर्नलचं नाव लिहा, बाइंडिंगला. दुसरं लिहा, बाइंडिंगला. वर्षाचे अंक एकत्र बांधून जाड खंड करतात, ही रीत मला ठाऊक होती. पण अख्खी लायब्ररी एकाच वेळी शिवायला टाकलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

मिश्राजी दुष्ट नव्हते. आता सांगते, तेव्हा मला ते खलनायकच वाटायचे. पुस्तक हरवलं तर भरपाई त्यांच्या पगारातून व्हायची. मग माणूस काय करेल? पुस्तक हरवू नये याचा एकच खात्रीचा उपाय आहे, ते कुणाला द्यायचंच नाही. आपल्या देशात कितीतरी चांगली माणसं अशी राखणीला बसवलेली आहेत, आणि राखता राखता ती कशासाठी राखतोय हेच विसरतात. चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात. इथे दातही होते, चणेही होते, मध्ये जाळी होती.

मार्च संपला आणि दारावर सूचना लागली. वार्षिक भौतिक सत्यापन. म्हणजे पुस्तकांची मोजणी. मोजणी पूर्ण होईपर्यंत ग्रंथालय विद्यार्थ्यांसाठी बंद. प्रबंध द्यायचा होता एप्रिल संपण्याआधी. परीक्षा आली की लायब्ररी बंद! याला डोकं म्हणायचं की खोकं?

घरी येऊन मी थाळी आपटली. बाबा शांतपणे म्हणाले, "अर्ज करू." रविवारी सकाळी बसून त्यांनी अर्ज लिहिला, असा देखणा, की फ्रेम करून लावावा. तो मॅडमकडून विभागप्रमुखांकडे गेला, तिथून प्राचार्यांकडे, तिथून ग्रंथालय समितीकडे. प्रत्येकाने समासात काहीतरी लिहून पुढे ढकलला. सगळीकडून फिरून परत आला तेव्हा त्यावर शेरा होता, सत्यापनानंतर विचार करावा. मी तो बाबांच्या पुढ्यात ठेवला. ते तो वाचून म्हणाले, "शेरा नियमाला धरून आहे." त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला, इतका राग आला, की मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी आमच्या जवळच्या इंद्रपुरीहून बस पकडून रोज लायब्ररीच्या व्हरांड्यात जाऊन बसायला लागले. बंद तर बंद. पायरीवर बसायला कुणाची परवानगी लागते? बाहेर शिरीष खुळखुळतोय, आत मिश्राजी एकटेच. बाकी सगळा स्टाफ परीक्षेच्या ड्यूटीवर. एका हाताने पुस्तक काढायचं, नंबर बघायचा, टेबलाशी येऊन रजिस्टरात खूण करायची, पुन्हा कपाटाशी जायचं. घामाने निथळत होते बिचारे. मी दारातूनच म्हटलं, "सर, मैं नंबर बोलती हूँ, आप टिक करो।"

"लड़कियाँ अंदर नहीं जातीं।"

"क्यों?"

"नियम है।"

"लिखा हुआ दिखाइए।"

टाउनशिपची पोर मी. सर्क्युलरशिवाय आमच्याकडे पान हलत नाही, आणि सर्क्युलर नसेल तर कुणी काही सांगायचं नाही. मिश्राजींनी खण उघडला, बंद केला, भिंतीकडे पाहिलं. असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. इतकी वर्षं आम्ही मुली ज्या जाळीबाहेर बसलो, तिच्या आत येऊ नका असा कागदच कुणी काढलेला नव्हता. शेवटी ते म्हणाले, "हओ, आ जाओ। लेकिन पढ़ना नहीं, सिर्फ़ बोलना।"

तर अशी मी आत गेले. डांबराच्या गोळ्यांचा वास, कबुतरांची पिसं, पत्र्याच्या कपाटांना हात लावला तर चटका. मी नंबर ओरडायचे, ते "हओ" म्हणायचे. ओरडता ओरडता डोळ्यांनी नावं वाचत होते, त्याला ते तरी काय करणार? कितीतरी पुस्तकांची पानं कडेला जोडलेलीच होती, छापल्यापासून कुणी कापलीच नव्हती. मला वाईट वाटायच्या ऐवजी चीड येत होती. पुस्तकांचा एवढा अपमान मी कधी पाहिला नव्हता.

आणि मग अगदी मागच्या भिंतीशी, खालच्या फळीवर, सुतळीने बांधलेले गठ्ठे. मी गुडघ्यांवर बसून धूळ पुसली. मला हवं होतं तेच जर्नल. बाइंडिंगला वगैरे कुठेही गेलेलं नव्हतं. टपालाने आलं तसंच होतं, खाकी वेष्टणात गुंडाळलेलं, वर तिकिटं, कॉलेजचा पत्ता. एकही वेष्टण उघडलेलं नव्हतं. दर वर्षी मोजणीत ते 'पाकिटं' म्हणून मोजायचे आणि पुन्हा ठेवून द्यायचे.

मिश्राजी टेबलावरून म्हणाले, "वो पैकेट हैं। गिनती बोल दो, आगे चलो।"

मी पहिलं वेष्टण फाडलं.

काय आवाज झाला म्हणून सांगू! वाळलेला खाकी कागद, टरकन. मिश्राजी धावत आले. "अरे, अरे! फाड़ो मत! रजिस्टर में पैकेट लिखा है!" मी दुसरं फाडलं. तिसरं फाडलं. आतून कोरे करकरीत अंक निघत होते, शाईचा वास अजून शाबूत. चौथ्यात तो लेख होता. मध्य भारतातल्या तळ्यांवरचा. त्यात लिहिलं होतं, अमुक एक जात या भागात आढळत नाही. आणि ती जात माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, लोणच्याच्या बरणीत, काचेला चिकटून बसली होती! मी त्या धुळीत मांडी घालून मोठ्याने हसले. मिश्राजींना वाटलं, पोरीला ऊन लागलं.

त्यांनी मला दोन दिवस वाचू दिलं, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. मी हाताने उतरवून घेतलं सगळं. मग मोजणीचा हिशेब लागेना. रजिस्टरात पाकिटं होती, फळीवर पाकिटं नव्हती, आणि जे अंक फळीवर होते ते रजिस्टरात नव्हते. प्राचार्यांपर्यंत गेलं. प्रबंध देण्यासाठी लायब्ररीचा 'काही बाकी नाही' असा दाखला लागायचा, तो अडवला. मिश्राजी मला व्हरांड्यात गाठून अगदी काकुळतीने म्हणाले, "बेटा, दो लाइन लिख दो। गलती से फट गए, माफ़ी चाहती हूँ। बस, मैं साइन कर दूँगा।"

मी तिथल्या तिथे कागद काढून लिहिलं, ही वेष्टणं मी फाडली, वाचायला फाडली. खाली नाव, वर्ग, सही. त्यांनी वाचलं आणि मान हलवली. असं चालणार नव्हतं. चुकून फाटली, असंच हवं होतं.

चुकून कशी? आयुष्यात एक गोष्ट मी पूर्ण शुद्धीवर, दोन्ही हातांनी केली होती, आणि तीच चुकून झाली म्हणायची?

घरी रणकंदन झालं. बाबांनी माफीनामा लिहूनच ठेवला होता, तेच मोत्यासारखं अक्षर. "सही कर. दोन ओळींसाठी वर्ष घालवतेस?"

"बाबा, मी चोरी केली का?"

"नाही."

"पान फाडलं का?"

"नाही गं, पण—"

"मग माफी कशाची? वाचल्याची?"

आईने तोंडाला पदर लावला. मला माहीत होतं मी काय घालवतेय. वर्ष, एम.एस्सी., कदाचित सगळं पुढचं. सोपं नव्हतं ते. उशीत तोंड खुपसून मी रडलेही. पण सही केली नाही. त्या कागदावर सही केली असती तर पुढे आयुष्यभर कुठल्याही जाळीशी उभी राहून मी मान खालीच घातली असती. प्रबंध घेतला गेला नाही. निकालात माझ्या नावापुढे 'अनुपस्थित' आलं. अनुपस्थित! त्या लायब्ररीत माझ्याइतकं उपस्थित तेव्हा दुसरं कुणी नव्हतं.

लोक मला विचारतात, आज तुला पोरं असती तर त्यांना काय सांगितलं असतंस, सही कर की नको कर? मी लग्न केलं नाही, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे आलाच नाही. पण शाळेत पुष्कळ वर्षं पोरींना जीवशास्त्र शिकवलं, आणि प्रत्येक वर्गात पहिल्याच दिवशी कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. दोनचार पुस्तकं गेली. जाऊ दे. कुठेतरी वाचली जात असतील. काल श्रुती धावत खाली आली होती, "मावशी, त्यांनी पाठवला! रात्रीतून पाठवला! और लिखा है, थँक यू फॉर आस्किंग!" बघा. त्या माणसाला आनंद झाला होता, कुणीतरी मागितलं याचा.

तर तो जून. ट्रक ठरला होता. आईने लोणच्याच्या बरण्या रिकाम्या करून गोगलगायी तलावात सोडायला मला पाठवलं. मी परत आले तेव्हा बाबा ओसरीत खुर्ची टाकून बसले होते. आत भांडी बांधलेली नव्हती, गाद्या गुंडाळलेल्या नव्हत्या. आई म्हणाली, "ट्रकवाल्याला नको म्हणून सांगितलंय यांनी. मला काही विचारू नकोस." मला वाटलं, बाबांनी क्वार्टर ठेवायला अर्ज केला असेल. पण नाही. अर्जाचा कागदसुद्धा घेतला नव्हता.

जुलैत इस्टेट ऑफिसातून वर्माबाबू आले. हेही बाबांच्याच हातचे अर्ज नेणारे, वर्षानुवर्षांची ओळख. सायकल लावून फाटकातच उभे राहिले, त्यांनाच लाज वाटत होती. "देवघरेजी, चाबी?"

बाबा उठलेसुद्धा नाहीत. "चाबी नहीं मिलेगी. लड़की की परीक्षा है, अगले साल. हो जाएगी, तब दूँगा."

"लेकिन देवघरेजी, किराया दंड के साथ कटेगा. नोटिस आएगा. आपने तो एप्लिकेशन भी नहीं दिया."

"नहीं दिया."

मी दारात उभी होते. आतून आईच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं होतं. वर्माबाबूंनी टोपी काढून घाम पुसला, आणि खरोखर दुखावल्या आवाजात म्हणाले, "देवघरेजी, आपसे ये उम्मीद नहीं थी।"

"मुझे भी नहीं थी," बाबा म्हणाले, आणि आईला चहा टाकायला सांगितला.